लुएलाच्या बॉयलरवरचा दोरा

पुरुषोत्तमराव आहेर दुधाचा कॅन उघडण्याआधी त्यावरची तारीख वाचत, मग झाकण काढून वास घेत, आणि एवढ्यानेही समाधान झालं नाही तर रत्नाबाईंना वास घ्यायला लावत. तारीख आठवडाभर पुढची असली तरी फरक पडत नसे. "तारीख छापणारा माणूस आपल्या फ्रिजमध्ये येऊन बघून गेलाय का?" हा त्यांचा सवाल. गॅसचं बटण ते तीनदा बघत. कुलूप ओढून बघत, चार पावलं जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. जावयाने गाडीत रस्ता सांगणारं यंत्र बसवलं, तेव्हा त्या यंत्रातल्या बाईने उजवीकडे वळायला सांगितलं की पुरुषोत्तमराव आधी खिडकीतून पाटी वाचत आणि मगच परवानगी दिल्यासारखी मान हलवत. गाडी जावई चालवत असे, हे वेगळं.

घरात त्यांची थट्टा होई. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि पुरुषोत्तमरावांचं तोंड चांगलंच पोळलं होतं.

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. बॉयलरचं सगळं शास्त्र शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबतं: आत पाणी किती आहे? आत डोकावता येत नाही, म्हणून बाहेर एक काचेची नळी बसवलेली असते. तिला गेज ग्लास म्हणतात. आत जेवढं पाणी, तेवढं नळीत दिसतं. मात्र नळीकडे जाणारी वाट गाळाने तुंबली तर बॉयलर कोरडा पडत जातो आणि काच मात्र अर्धी भरलेली दिसत राहते. म्हणून दर पाळीला नळीखालचा नळ उघडून पाणी फसकन बाहेर सोडायचं, नळ बंद करायचा आणि काचेत पाणी पुन्हा झरझर चढतं का ते बघायचं. याला म्हणतात ग्लास ब्लो करणं. काम अर्ध्या मिनिटाचं, पण रोजचं, आणि रोजच्या कामातच माणूस आळस करतो.

१९७९ च्या हंगामात त्यांच्या आधीच्या पाळीचा माणूस तो आळस करत होता. टेबलाशी बसून, चहा पीत, आठ तासांची रीडिंगं एका दमात लिहून टाकायचा. पुरुषोत्तमरावांनी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले. सोबतचा माणूस, त्याच्याशी कशाला वाकडं घ्या! तिसऱ्या आठवड्यात काच खोटं बोलली, आतल्या नळ्या तापून लाल झाल्या, त्यातली एक फुटली आणि भट्टीच्या दारासमोर उभा असलेला, आग सांभाळणारा राजाराम नावाचा फायरमन वाफेत होरपळला. तो दोन दिवस जगला. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून प्रत्येक येणाऱ्याला विचारत होती, "कुणालाच कसं कळलं नाही हो?" पुरुषोत्तमरावांना कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला: यापुढे कुठल्याही वहीवर विश्वास ठेवायचा नाही, आणि कळलं तर गप्प बसायचं नाही.

२००३ साली ते निवृत्त झाले. मुलगी उल्का सिनसिनाटीजवळ मेसन नावाच्या गावात सॉफ्टवेअरमध्ये होती. तिने आईवडिलांची ग्रीनकार्डं केली आणि दोघांना नेऊन घराच्या बेसमेंटमध्ये छानपैकी बसवलं. रत्नाबाई महिनाभरात रुळल्या. त्यांना भजनी मंडळ सापडलं, ढोकळा शिकवायला चार जणी सापडल्या. पुरुषोत्तमरावांना सापडला तो घरातला वॉटर हीटर. त्यावर त्यांनी इतक्या वेळा हात ठेवून बघितला, की जावई एकदा नम्रपणे म्हणाला, "बाबा, त्याची वॉरंटी जाईल."

पुढच्या वर्षी मे महिन्यात उल्काने सगळ्यांना ओहायो नदीवर फिरायला नेलं. बोटीचं नाव 'लुएला'. मागे भलंमोठं लाल चाक, पुढे दोन काळी धुराडी, तीन मजले पांढऱ्या कठड्यांचे. अशा बोटी बहुतेक ठिकाणी आता डिझेलवर चालतात आणि चाक नुसतं शोभेला फिरतं. लुएला मात्र खरोखर वाफेवर चालत होती. पुरुषोत्तमरावांनी अर्थातच ते आधी मानलं नाही. "टुरिस्टांना सांगायला काय जातंय?" म्हणत ते खालच्या डेकवर गेले, 'आत येऊ नये' अशी पाटी असलेल्या दारापाशी थांबले आणि त्यांच्या पायाला ती ओळखीची थरथर लागली. एकतीस वर्षं तिच्यावर उभे राहिले होते ते. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी कानाला काहीतरी खटकलं. आतला पाण्याचा पंप लंगडत होता.

पाटी असूनही ते आत शिरले. सत्तरीला टेकलेला एक उंच, वाळका गोरा माणूस हातात तेलाची झारी घेऊन उभा होता. पुरुषोत्तमरावांनी पंपाकडे बोट केलं आणि त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, "ह्याची डावी झडप गळते."

तो माणूस पंपाशी वाकला. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "दोन आठवडे मी तिला शोधतोय. तू कोण?"

हा डेल्बर्ट हॅचर, लुएलाचा चीफ इंजिनिअर. पुढच्या महिन्यात फोटो, हातांचे ठसे, फॉर्मांची चळत असं सगळं पार पडून पुरुषोत्तमराव लुएलावर फायरमन झाले. दुपारची फेरी त्यांची. ते सकाळी येऊन वाफ करत, सहाला बस पकडून घरी जात. संध्याकाळच्या फेरीला बॉयलर स्वतः डेल्बर्ट बघे, आणि मागचं इंजिन दुसरा इंजिनिअर सांभाळे.

दुपारी दोघं एका बाकावर बसून जेवत. डेल्बर्टचं सँडविच आणि पुरुषोत्तमरावांची पोळीभाजी. लसणाची चटणी तो बोटाने चाटून खाई, डोळे पुसे आणि पुन्हा बोट पुढे करी. खाता खाता गोष्टी चालत. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या नदीवर होत्या. पणजोबा लाकडं फेकणारा फायरमन. तेव्हा बोटी वाटेत काठाला लागून ढिगाने लाकूड घेत, आणि रात्रंदिवस ते भट्टीत फेकणाऱ्या माणसांच्या भुवया कधी वाढतच नसत म्हणे. त्यांच्याखाली हमाल. ते पाठीवर कापसाचे गठ्ठे घेऊन हाताएवढ्या रुंद फळीवरून पळत, मालावरच झोपत, आणि बोट फुटली तर पहिले तेच मरत. कारण ते बॉयलरच्या शेजारी झोपलेले असत आणि पैसेवाले वरच्या मजल्यावर.

"आणि बोटी फुटायच्या," डेल्बर्ट सांगे. "शर्यत लावायचे येडे. जादा वाफ सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर, ती सुटू नये म्हणून, वजन टांगून ठेवायचे. सरकारने १८५२ साली कायदा केला, इंजिनिअरला परीक्षा लावली, तरी फुटायच्या. सगळ्यात वाईट कधी ठाऊक आहे? काठावर काही गंमत दिसली आणि सगळे प्रवासी एका बाजूला धावले, की बोट कलते. कलली की बॉयलरमधलं पाणी एका अंगाला जातं. दुसरं अंग कोरडं. मग लोक परत जागेवर येतात, बोट सरळ होते, आणि तापलेल्या पत्र्यावर ते पाणी येऊन आदळतं."

"तेव्हा पाणी पुरेसं हवं," पुरुषोत्तमराव म्हणत.

"तेव्हा पाणी पुरेसं आहे हे माहीत हवं," डेल्बर्ट म्हणे.

परदेशात साठीनंतर मित्र मिळत नाही. पुरुषोत्तमरावांना तो मिळाला होता, आणि ते स्वतःच्या मनातही हे कबूल करायला घाबरत.

२००६ च्या ऑक्टोबरचा पहिला रविवार हा खंडेनवमीचा होता. कारखान्यात त्या दिवशी बॉयलरला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू वाहत. पुरुषोत्तमरावांनी उल्काच्या अंगणातला झेंडू नेला. वाफ करण्याआधी बॉयलरला, पंपाला, तेलाच्या झारीलासुद्धा कुंकू लावलं आणि पाण्याच्या नळांना, फिरवताना तुटणार नाही असा सैल, लाल-पिवळा नाडा बांधला. डेल्बर्ट टोपी काढून बाजूला उभा राहिला. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "हा दोरा किती दिवस ठेवायचा?"

"देवाचा दोरा आहे. तोडायचा नाही. आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल."

डेल्बर्टने मान हलवली. त्यावर पुन्हा काही विचारलं नाही. हंगाम संपायला तीन आठवडे होते. ते संपले आणि बोट हिवाळ्यासाठी बांधून ठेवली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पुरुषोत्तमरावांच्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली. सकाळी आल्यावर ते आदल्या संध्याकाळचं लॉगबुक वाचत. डेल्बर्टच्या अक्षरात दर तासाला एकच आकडा होता. वाफेचा दाब एकशे पंच्याहत्तर, पाणी अर्धी काच. पुढच्या तासाला तेच. दुसऱ्या दिवशी तेच. त्यांच्या स्वतःच्या पाळीत आकडा पाच-दहाने हलायचाच. बॉयलर म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे, एकाच जागी टांगून राहायला? त्यांनी पानं मागे उलटली. शाई एकच, हात एकच, जणू एका बैठकीत लिहिलेलं. त्यांना टेबल दिसलं, चहाचा ग्लास दिसला, दवाखान्याची पायरी दिसली.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत यायला लागली. संशयाचं असंच असतं, एकदा उंबरा ओलांडू दिला की तो घरभर फिरतो. डेल्बर्ट हल्ली वही नाकाशी धरून वाचतो. पायऱ्या उतरताना कठडा सोडत नाही. बॉयलरच्या समोरच्या अंगाला त्याने एक केरसुणीचा दांडा ठेवलाय, टोक जळून काळं झालेलं. तो कशाला? विचारलं तर हसून म्हणाला, "म्हातारपणाची काठी." हे उत्तर झालं का? पुरुषोत्तमरावांना वाटलं, नाही झालं. इथे काहीतरी पाणी मुरतंय.

"डोळे गेलेत त्याचे," त्यांनी घरी रत्नाबाईंना सांगितलं. "काच दिसत नाही, म्हणून आकडे ठोकून देतो. नोकरी जाईल म्हणून बोलत नाही."

"अहो, मग विचारा की त्याला. रोज शेजारी बसून जेवता."

"विचारलं तर खरं सांगेल कशावरून?"

रत्नाबाईंनी पोळी तव्यावरून काढली. "एवढी चटणी खाल्ली त्याने तुमची. एक प्रश्न विचारायला काय होतंय?"

"तुला नाही समजायचं," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य जेव्हा जेव्हा ते बोलले होते, तेव्हा तेव्हा रत्नाबाईंना समजलेलंच होतं.

आणि यात घाई होती. चार जुलैच्या संध्याकाळी लुएलाची आतषबाजीची फेरी असते. चारशे माणसं, आणि आकाशात पहिला बाण उडाला की चारशेच्या चारशे एका कठड्याला. बोट कलणार, हे ठरलेलं. त्या फेरीची सहा तिकिटं उल्काने काढली होती, त्यात रत्नाबाई आणि दोन्ही नातवंडं होती. बॉयलरवर असणार होता डेल्बर्ट. आत खरंच पाणी किती आहे हे त्याला माहीत नसेल तर? आणि माहीत असेल, तर एका भल्या माणसावर आळ घेतल्याचं पाप. पुरुषोत्तमरावांची झोप उडाली.

त्यांनी कारखान्यातली एक जुनी युक्ती काढली. ग्लास खरंच ब्लो होतो का हे बघायला तिथले फोरमन नळाच्या दांडीला दोऱ्याचा एक वेढा घालून ठेवत. नळ फिरला की दोरा तुटतो. वहीत काहीही लिहा, दोरा खोटं लिहीत नाही. अठ्ठावीस जूनला, गुरुवारी, पाळी संपल्यावर त्यांनी रत्नाबाईंच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढला, काचेखालच्या नळाची दांडी आणि मागचा पाइप मिळून एक वेढा दिला, बारीक गाठ मारली आणि बस पकडली.

शुक्रवारी सकाळी दोरा जसाच्या तसा होता. लॉगबुकात 'ग्लास ब्लो केला' या चौकटीत डेल्बर्टची सही.

त्यांनी दोरा काढला, स्वतः ग्लास ब्लो केला, दिवसभर काम केलं, संध्याकाळी पुन्हा दोरा बांधला. शनिवारी तसाच. रविवारी तसाच. दुपारी डेल्बर्टने चटणीला बोट लावलं, तेव्हा पुरुषोत्तमरावांना त्याच्याकडे बघवेना. "बरं नाही का?" डेल्बर्टने विचारलं. "पोट," ते म्हणाले. सोमवारी सकाळीही गाठ जिथल्या तिथे. चार संध्याकाळी, चार सह्या, आणि नळाला कुणी हातही लावलेला नाही.

सोमवारी ते वर ऑफिसात गेले. बोटींचा कारभार बघणाऱ्या कॅप्टन जोन टाल्बट पन्नाशीच्या बाई होत्या. वीस वर्षं कोळशाच्या बोटी हाकून मग खुर्चीवर आलेल्या. त्यांना पुरुषोत्तमरावांनी उभ्यानेच सांगितलं, "संध्याकाळी ग्लास ब्लो होत नाही. वहीत मात्र लिहिलं जातं. मी खूण ठेवून बघितलंय. चार दिवस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "डेल्बर्ट?"

"हो."

"तू त्याच्याशी बोललास?"

"नाही."

बाईंनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या दहाला दोघं या. तोवर आज संध्याकाळी मी स्वतः खाली उभी राहीन." जिना उतरताना पुरुषोत्तमरावांना हलकं वाटलं. या वेळी ते गप्प बसले नव्हते.

मंगळवारी दहाला डेल्बर्ट इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला वाटलं होतं, चार जुलैच्या फेरीची बैठक असेल.

"डेल्बर्ट, सरळ विचारते," कॅप्टन टाल्बट म्हणाल्या. "संध्याकाळी ग्लास ब्लो करतोस का?"

"करतो." मग तो थांबला. "गेल्या गुरुवारपासून चार दिवस नाही केला."

सापडला! पुरुषोत्तमरावांच्या अंगातून आनंदाची एक लहर गेली. पुढे आयुष्यभर त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या लहरीची.

"का नाही केलास?"

डेल्बर्टने पुरुषोत्तमरावांकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. "ते त्यानेच सांगावं. त्याच्या देवाधर्माचं आहे. मी बोलणं बरं दिसत नाही."

पुरुषोत्तमरावांना काही कळेना. "माझ्या देवाचं?"

"दोरा, पुरू," डेल्बर्ट हळू आवाजात म्हणाला. "नळाला तुझा दोरा होता ना. मागच्या ऑक्टोबरात तू म्हणालास, तोडायचा नाही, आपोआप गळू द्यायचा. गुरुवारी नळाला हात लावला तर बोटाला दोरा लागला. म्हटलं, असेल काही सण. आई म्हणायची, माणसाला त्याच्या देवाबद्दल दोनदा विचारू नये." मग तो बाईंकडे वळला. "पाणी मी रोज तपासलंय, जोन. दर अर्ध्या तासाला. काचेच्या भरवशावर मी तसाही कधीच नसतो. बॉयलरच्या तोंडाला तीन जुन्या तोट्या आहेत ना, एकाखाली एक? माझे आजोबा बघायचे तसं, दांड्याने एकेक तोटी दाबायची. पाणी आलं तर पाणी तिथवर आहे, नुसती वाफ आली तर नाही. आवाजावरून आंधळ्यालाही कळतं. त्या तोट्यांसाठी वहीत चौकट नाही, म्हणून ब्लोच्या चौकटीत सही केली."

केरसुणीचा दांडा. जळकं टोक. आणि दर तासाला तोच आकडा, कारण दर अर्ध्या तासाला पाणी बघून आग सांभाळणाऱ्या माणसाचा आकडा हलतच नाही.  पुरुषोत्तमरावांच्या लेखी लाल-पिवळा नाडा वेगळा आणि शिवणाचा पांढरा दोरा वेगळा. लहान पोरालाही कळेल इतका वेगळा. पण ते नगरकडच्या पोराला. ओहायोच्या म्हाताऱ्याला दोरा म्हणजे दोरा. त्याला पकडायला लावलेल्या फासानेच त्याचा हात अडवला होता, आणि तो अडला हाच त्याचा गुन्हा म्हणून हे वर सांगायला आले होते.

"असं आहे का?" कॅप्टन टाल्बटनी पुरुषोत्तमरावांना विचारलं. "तो दोरा धार्मिक होता?"

वाट उघडी होती. 'हो' म्हणायचं. मी बांधला आणि विसरलो, माझ्या लक्षात आलं नाही, माफ करा. डेल्बर्टची नोकरी कदाचित वाचली असती, दुपारी दोघं बाकावर बसले असते, त्याने चटणीला बोट लावलं असतं. एक शब्द लिहायचा होता वहीत, टेबलाशी बसून.

"नाही," पुरुषोत्तमराव म्हणाले. "साधा दोरा होता. तुम्ही नळ फिरवता की नाही, ते बघायला बांधला होता."

डेल्बर्टला ते समजायला वेळ लागला. त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू लाल झाला, आणि शेवटी त्याच्यावर काहीच उरलं नाही.

"माझ्यासाठी बांधलास."

"हो, चीफ."

"आणि मी तो तोडला असता तर?"

"तर माझा तुमच्यावर विश्वास बसला असता."

"म्हणजे," डेल्बर्ट एकेक शब्द तोलत म्हणाला, "तुझ्या नजरेत भला ठरायला मला तुझ्या देवाचा दोरा तोडायला हवा होता."

 

कॅप्टन टाल्बट वाईट बाई नव्हत्या, पण वहीत खोटी सही होती आणि ती आता त्यांच्या कानावर आली होती. "तपासलंस हे मी मानते," त्या डेल्बर्टला म्हणाल्या. "पण जे केलं नाहीस ते केलं म्हणून चार वेळा लिहिलंस. तीस दिवस तुला बोटीवरून उतरवावं लागेल. दुसरा उपाय नाही." मग पुरुषोत्तमरावांकडे न बघता म्हणाल्या, "उद्या संध्याकाळचा बॉयलर तू बघ."

"तीस कशाला," डेल्बर्ट उठत म्हणाला. "मी बहात्तरचा होईन ऑगस्टमध्ये. पुरे झालं."

तो खाली उतरला. पुरुषोत्तमराव मागोमाग गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण एकट्याला जाऊ द्यायचं नाही एवढं ठरलं होतं. डेल्बर्टने भिंतीवरून स्वतःचं चौकटीतलं लायसन्स काढलं. तिथे फिकट चौकोन उरला. मग त्याने बाकाखालून हत्यारांची पेटी ओढली. ती पेटी तिथे कायम उघडीच असे, तिला कधी कुलूप नव्हतं, आणि तीन हंगाम पुरुषोत्तमराव तिच्यातून हवं ते न विचारता घेत आणि ठेवत आले होते.

"चीफ, माझं चुकलं," ते म्हणाले. "मला विचारायला हवं होतं. फार मोठी चूक झाली."

 डेल्बर्ट बाकावर बसला, ज्या अंगाला बसून तो जेवत असे त्याच अंगाला, आणि पेटीतले नटबोल्टचे पाने एकेक काढून बाकाच्या फळीवर मांडायला लागला. लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने. प्रत्येकावरून अंगठा फिरवून माप ओळखत, ओठांत आकडा म्हणत.

"सगळं तिथेच आहे, चीफ," पुरुषोत्तमराव कसंबसं म्हणाले. "मी काही नेलं नाही."

"माहीत आहे." शेवटचा पाना ठेवून डेल्बर्ट सरकला आणि त्याने फळीसमोर जागा करून दिली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "चौदा भरले. आता तू मोज. मी सांगितलेलं तुला चालायचं नाही."

पुरुषोत्तमराव उभे राहिले. डेल्बर्ट थांबून राहिला, हात मांडीवर ठेवून, घाई नसलेल्या माणसासारखा. अखेर ते फळीशी वाकले आणि एका मित्राच्या देखत त्याचे पाने मोजू लागले. आठव्या-नवव्यापाशी डोळे भरून आले, हिशोब चुकला आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.